हेडबाईंना रिंग कळते

"महिनाभरात या घरात इंटरनेट आणून दाखवतो, नाहीतर नावाचा आप्पा नाही!"

ही गर्जना आप्पांनी केली ती ट्रॉलीवर उभं राहून. वरच्या कुरणाच्या टोकाला एक मोडकी ट्रॉली पडलेली होती. तिच्यावर चढून, डावा हात आभाळाकडे करून, तोंड टेकडीकडे वळवलं की फोनला रेंजची एक काडी यायची. हात खाली आला की काडी गेली! गर्जना ऐकायला समोर सगळ्या गाई होत्या. फोनवर आपली लेक आहे अशी आप्पांची समजूत होती, पण फोन केव्हाच कट झाला होता.

हे नेहमीचंच होतं. आप्पांचं निम्मं बोलणं असं वाऱ्यावरच जायचं. पण फोन कट झाल्याचं कळलं तरी ते सुरू केलेलं वाक्य पुरं करत. एवढे वर चढलोच आहोत तर बोलून घ्यावं, असा त्यांचा हिशेब. गाई रवंथ करत ऐकून घ्यायच्या.

आता एवढी प्रतिज्ञा कशासाठी? तर आप्पांचा गोठा रस्ता संपतो तिथून आणखी पुढे. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून घरात दुसरं माणूस नव्हतं. दुधाचा टँकर रोज यायचा, पण ड्रायव्हर खाली उतरायचा नाही. नळी लावली, दूध ओढलं, गेला! जनावरांचे डॉक्टर यायचे, पण ते तब्येत गाईंची विचारायचे. मागे एकदा आप्पा गोठ्यात घसरून पडले आणि कंबर धरून दुपारभर शेणातच पडून राहिले. गाईंनी येऊन हुंगलं आणि निघून गेल्या. डॉक्टरांना आप्पांनी ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली. डॉक्टरांनी ती लेकीला सांगितली, तेव्हा तिच्यात विनोद उरला नव्हता.

लेक दूर शहरात. ती म्हणाली, "बाबा, बास झालं. गाई विका आणि इकडे या. तुमच्यासाठी खोली रिकामी केलीय. खिडकीसुद्धा आहे."

"खिडकीतून काय दिसतं?"

"समोरच्यांची खिडकी."

बरीच घासाघीस झाली, तीन वेळा फोन तुटला, आणि शेवटी असं ठरलं की घरात नेट घ्यायचं आणि महिनाभर रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा. बाबा धडधाकट दिसले, घर नीट दिसलं, तर राहू देत तिथे. पण कॉल सारखे बिघडायला लागले तर लेक गाडी घेऊन हजर! आप्पांना हे फारच सोपं वाटलं. शिवाय रोज नात दिसणार होती. ती आता बोलायला लागली होती म्हणे. आप्पांनी तिचं बोलणं अजून ऐकलंच नव्हतं.

नेटवाला आला तो गाडीतून उतरायलाच तयार होईना. "काका, आधी त्यांना आत घ्या!"

"अहो, गाई आहेत त्या. वाघ नाहीत."

"वाघ परवडला, काका. तो बघत तरी नाही असा!"

त्याच्याकडे टक लावून बघत होत्या त्या हेडबाई. काळ्याभोर, कपाळावर पांढरा ठिपका, आणि नजर अशी की माणसाला आपला गृहपाठ राहिलाय असं वाटावं. कळपात त्या पुढे निघाल्याशिवाय एकही गाय पाऊल टाकायची नाही. नाव आप्पांच्या बायकोने ठेवलं होतं.

नेटवाल्याने कडब्याच्या शेडवर, जिथून टेकडीवरचा टॉवर समोर दिसतो तिथे, डिश बसवली. आप्पा गोठ्यात असले तरी रिंग ऐकू यावी म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीत एक स्पीकर टांगला. मग केबलचं भेंडोळं आप्पांच्या हातात देऊन म्हणाला, "शेडपासून घरापर्यंत चर खणून ही पुरून टाका. खोल पुरा. आणि त्या करंटच्या तारेपासून लांब ठेवा बरं का!"

"हो हो," आप्पा म्हणाले.

नेटवाल्याची गाडी वळणाआड गेली तसे आप्पांनी जमिनीत कुदळ मारली. ठण्ण! दुसरीकडे मारली. ठण्ण! खाली नुसता खडक. आप्पा कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि त्यांची नजर कुंपणावर गेली. शेडपासून थेट घरापर्यंत खांब कसे ओळीत, सरळ, तयार उभे! मग चर कशाला? आप्पांनी प्रत्येक खांबाला सुतळीने छान गाठ मारत केबल तारेच्या कडेकडेने घरात आणली. इतकं टापटिपीचं काम त्यांच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं.

कुंपणाच्या तारेत करंट सोडणारं झटका मशीन गोठ्याच्या भिंतीवर होतं. ते सेकंदासेकंदाला 'टक्' असा आवाज करायचं, आणि त्याबरोबर तारेतून एक झटका धावायचा. गाय मरत नाही, पण पुन्हा नाक लावत नाही. तो टक् टक् आवाज आप्पांच्या कानाला इतका सरावाचा होता की त्यांना तो ऐकूच यायचा नाही. केबलला मात्र आला!

पहिला कॉल लागला. नात पडद्यावर आली, आप्पांचे डोळे भरून आले, आणि टक्! नात तोंड उघडं ठेवून थिजली. टक्! नात गायब, एक कान दिसला. टक्! जावयांचं ढेकर देतानाचं तोंड. आप्पा घाईघाईने सांगत होते, "परवा वासरू पडलं होतं, उठत नव्हतं, डॉक्टर येऊन गेले, आता मजेत आहे!" पलीकडे पोचलं ते असं: "पड… उठत नव्… डॉक्टर…"

"बाबा! पुन्हा पडलात? मी येऊ का?"

"अगं ये… नको… सगळं…"

आता 'ये' म्हणाले की 'नको' म्हणाले, हे तिकडे दोघा नवराबायकोत भांडणाचं कारण झालं.

आप्पा तडक ट्रॉलीवर चढले, डावा हात वर केला आणि नेटवाल्याला फोन लावला.

"केबल पुरली ना, काका?"

"खोल!" आप्पा म्हणाले.

"मग हवामान असेल."

दुसऱ्या दिवशी नेटवाल्याने दोष पाखरांना दिला, तिसऱ्या दिवशी वाऱ्याला. आप्पांनी एक दिवस शेडवर उभं राहून पाखरं हाकलली. लेकीच्या आवाजात ती खिडकीवाली खोली ऐकू यायला लागली होती.

आणि मग एका संध्याकाळी तुटलेली तार सांधायला आप्पांनी झटका मशीन बंद केलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. आप्पा पक्कड हातात घेऊनच धावले. काय सांगू! चित्र काचेसारखं स्वच्छ! नातीच्या दोन्ही गालांवर काहीतरी चिकटलेलं होतं, ते काय आहे तेसुद्धा दिसत होतं. ती म्हणाली, "आजोबा, तुमच्या नाकात केस आहेत." पहिलं वाक्य! आप्पांना इतका आनंद झाला की त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं.

आता शहाण्या माणसाने केबल काढून दुसरीकडून नेली असती. आप्पांनी सोपा मार्ग काढला. रिंग वाजली की पळत गोठ्याकडे जायचं, मशीन बंद करायचं, पळत परत यायचं, फोन उचलायचा. कॉल संपला की मशीन सुरू.

"बाबा, धाप का लागलीय?"

"तुझा फोन आला की आनंद होतो गं!"

चार दिवस आनंदात गेले. पण हेडबाईंचं लक्ष होतं. खिडकीतला स्पीकर वाजतो, म्हातारा पळतो, आणि भिंतीवरचं टक् टक् थांबतं, हे त्यांनी हेरलं. पाचव्या दिवशी त्यांनी तारेला हळूच नाक लावलं. काही नाही! छाती लावली. काही नाही! मग त्या तार वाकवून बाहेर पडल्या आणि त्यांच्यामागे सगळा वर्ग रांगेने बाहेर पडला.

पुढे पुढे तर अशी गत झाली की रिंग वाजायच्या आधीच, वेळ होत आली की, गाई कुंपणाशी येऊन रांग धरायच्या. आणि जायच्या कुठे? खालच्या उतारावर एक बकरीवाले राहायचे. तेही एकटेच, तेही चिडके. आप्पांचा आणि त्यांचा संबंध लांबून हात वर करण्यापुरता. त्यांच्या शेतात बकऱ्यांसाठी लावलेला लसूणघास होता, हिरवागार, कोवळा, गुडघ्याएवढा!

गाई पहिल्यांदा सुटल्या त्या दिवशी आप्पा लेकीला सांगत होते, "सगळं कसं ताब्यात आहे बघ, घर, गोठा, गाई," आणि तेवढ्यात दार धाडकन उघडून बकरीवाले आत आले. हातात काठी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, मागे अंगणात हेडबाई आणि मंडळी.

"आप्पा! हे काय चालवलंय तुम्ही?"

"बाबा, कोण आलंय?" फोनमधून लेकीने विचारलं.

आप्पांच्या डोळ्यांपुढे ती खिडकी उभी राहिली. ते म्हणाले, "हे आपले शेजारी! येतात रोज. मी एकटा असतो ना, म्हणून बिचारे चौकशीला येतात!"

"खरंच? काका, किती बरं वाटलं ऐकून! मला इथे किती काळजी असते, तुम्हाला कसं सांगू!" लेक म्हणाली. नात पडद्याला नाक लावून बकरीवाल्यांकडे बघत होती.

बकरीवाल्यांची काठी वरच राहिली. त्यांनी आप्पांकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. काठी हळूच पाठीमागे नेऊन ते म्हणाले, "हो. म्हणजे… येतो की."

कॉल संपल्यावर त्यांनी आप्पांना जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. पण एकदा रोज येतो म्हटल्यावर रोज येणं भाग होतं, कारण गाई रोज जात होत्या! बकरीवाले दाराबाहेर शिव्या घालत, आत येऊन फोनसमोर हसत, नातीला टाटा करत, आणि बाहेर जाऊन उरलेल्या शिव्या पुऱ्या करत. आप्पा त्यांना चहा देत. शिव्यांच्या मधे ते चहा पीत. एकदा तर साखर कमी आहे म्हणूनही शिवी दिली. हळूहळू आप्पा संध्याकाळी दोन माणसांचं आधण ठेवायला लागले.

पण घास संपत आला. महिना भरायला एकच दिवस राहिला असताना बकरीवाले म्हणाले, "माझ्या बकऱ्या काय हवा खाणार? उद्या एक जरी शिंग माझ्या शेतात दिसलं, तर मी तुमच्या लेकीला सगळं सांगून टाकीन! शपथ!"

आप्पांनी डोकं लढवलं. कळप हेडबाईंच्या मागे जातो ना? मग हेडबाईंनाच बांधलं तर? दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉलच्या आधी हेडबाईंना स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला दोराने पक्कं बांधलं. फोन नेहमीप्रमाणे खिडकीतच टेकवून ठेवलेला होता. रिंग वाजली, मशीन बंद झालं, आप्पा धापा टाकत समोर बसले.

"बाबा, आज शेवटचा दिवस! पास झालात तुम्ही!" लेक हसत म्हणाली. आणि तेवढ्यात पडदा गुलाबी झाला. मग खरखरीत झाला. मग त्यावरून काहीतरी ओलं, लांबलचक फिरलं. हेडबाईंनी गजातून तोंड घालून फोन चाटला होता! आप्पा किंचाळले, फोन उडाला आणि खालच्या बादलीत बुडाला. बुडता बुडता लेकीला ऐकू आला तो बाहेरून येणारा बकरीवाल्यांचा टाहो, "मेलो! मेलो! संपलं सगळं!" कारण बाकीच्या गाई हेडबाईंशिवायच पोचल्या होत्या. महिनाभरात त्यांना वाट पाठ झाली होती.

आता त्या लेकीने काय समजायचं? तिने डॉक्टरांना फोन केला. नेटवाल्याला फोन केला. दोघं अंधार पडायच्या आत गाड्या दामटत आले, डॉक्टर सलाइनची बाटली घेऊन आणि नेटवाला, का कोण जाणे, शिडी घेऊन. बघतात तर आप्पा ठणठणीत, बादलीत हात घालून बसलेले, आणि शेजारी बकरीवाले कपाळाला हात लावून.

तीन वर्षांत प्रथमच त्या स्वयंपाकघरात खुर्च्या कमी पडल्या. डॉक्टर पेंडीच्या पोत्यावर बसले. सगळे मिळून आप्पांना फैलावर घेत होते आणि आप्पा चहा गाळत, मान हलवत, बशा शोधत होते. इतकं बरं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. बोलणी खाताना ते हसत होते, त्यामुळे आणखी बोलणी बसत होती.

नेटवाला बाहेर चक्कर मारून आला तो ओरडतच. "काका! ही केबल करंटच्या तारेला बांधलीय! सुतळीने! आणि तुम्ही म्हणालात खोल!"

आप्पांनी आणखी एक बशी पुसली.

नेटवाल्याच्या फोनवर लेक आली. रडून डोळे सुजलेले. "मला आता कुणाचं ऐकायचं नाही. काका, तुम्ही खरं सांगा. तुम्ही रोज जाता ना तिथे? बाबांना ठेवू का मी तिथे?"

बकरीवाल्यांना शपथ आठवत होती हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी खिडकीतून आपल्या उजाड उताराकडे पाहिलं, मग आप्पांकडे पाहिलं.

"येतो," ते म्हणाले. "ठेव. मी आहे."

नेटवाल्याने दुसऱ्या दिवशी मशीन लावून खडक फोडला आणि केबल पार उलट्या बाजूने, जमिनीखालून घरात आणली. फोन उन्हात वाळून जिवंत झाला. आता सगळं अगदी उत्तम चालू लागलं! झटका मशीन दिवसरात्र टक् टक् करायचं. रिंग वाजली की गाई कुंपणाशी यायच्या, हेडबाई नाक पुढे करायच्या आणि झटका बसला की दुखावलेल्या नजरेने घराकडे बघायच्या. एकही गाय बाहेर जाईना. त्यामुळे बकरीवाले येईनात. त्यांना नव्याने घास पेरायचा होता. त्यांनी लांबून हात वर केला, आप्पांनीही केला.

कॉलसुद्धा सुरेख व्हायचे, आणि लवकर संपायचे.

"बरं आहे ना, बाबा?"

"बरं आहे."

"जेवलात?"

"जेवलो."

चित्र थिजत नव्हतं, आवाज तुटत नव्हता, काही पुन्हा विचारावं लागत नव्हतं. एकदा लेक म्हणाली, "बाबा, आता मला काळजी नाही. रोज कशाला तुम्हाला त्रास? दर रविवारी करत जाऊ." आप्पा म्हणाले, "हो हो, तेच बरं." फोन ठेवल्यावर ते बराच वेळ काळ्या पडद्यात स्वतःला बघत बसले. नाकातले केस खरंच फार वाढले होते.

मधल्या वारी एका संध्याकाळी आप्पांनी सवयीने दोघांचं आधण ठेवलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांना एकदम सहन होईना. ते उठले, गोठ्यात गेले आणि झटका मशीन बंद केलं. मग कुंपणाशी जाऊन हेडबाईंना म्हणाले, "जा."

हेडबाई रवंथ करत राहिल्या.

"अहो, जा की! बंद आहे!" आप्पांनी स्वतः तार धरून दाखवली. मागून ढकललं. हेडबाई हलेनात. रिंग वाजली नव्हती. नियम म्हणजे नियम!

शेवटी आप्पा स्वतःच तार वाकवून बाहेर पडले आणि उतार उतरून बकरीवाल्यांच्या अंगणात जाऊन उभे राहिले.

बकरीवाले पायरीवर गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. त्यांनी आप्पांच्या मागे पाहिलं. "गाई कुठायत?"

"घरी."

"मग तुम्ही?"

"मी सुटलो," आप्पा म्हणाले.

बकरीवाल्यांनी तेलाची वाटी बाजूला सरकवून पायरीवर जागा केली. "बसा. पण पोचवायला येणार नाही. गुडघे धरलेत."

दोघं बसले. घासाला नवे कोंब आले होते, ते बघत बसले. बोलायला काही नव्हतं, तरी बरं वाटत होतं. आणि तेवढ्यात उतारावरून धपधप आवाज आला. हेडबाई! मागे सगळा कळप, रांगेत!

बकरीवाले ओरडत उठले. आप्पा मात्र जागीच थिजले. गाई आल्या, म्हणजे रिंग वाजली!

"आज वार कोणता?"

"बुधवार! अहो, घास बघा माझा! हाकला यांना!"

बुधवार! आप्पा उठले आणि चढाकडे पळत सुटले.

"अहो आप्पा! यांना कोण आणणार?"

"तुम्ही आणा! नेहमीप्रमाणे!"

घरात स्पीकर अजून कोकलत होता. आप्पांनी धापा टाकतच फोन उचलला. "काय झालं? कुणाला बरं नाही का?"

"काही नाही झालं," लेक म्हणाली. "ही ऐकतच नाही. रडून घर डोक्यावर घेतलंय."

"माझी आठवण आली?"

"हेडबाई!" नात ओरडली. "आजोबा, बाजूला व्हा! हेडबाई दाखवा!"

"हेडबाई बाहेर गेल्यात गं," आप्पा म्हणाले. "काका आणतायत त्यांना. वेळ लागेल जरा."

आता फोन ठेवतील, म्हणून त्यांनी मनाची तयारी केली.

"मग थांबतो की आम्ही," लेक म्हणाली आणि तिकडे खुर्ची ओढून बसली. नात तिच्या मांडीवर चढली. "सांगा ना काहीतरी तोवर."

आप्पा समोर बसले. त्यांनी खिडकीतून उताराकडे एकदा पाहिलं, आणि शेजाऱ्याचे गुडघे आज जरा जास्तच दुखू देत, अशी मनापासून प्रार्थना केली.